तिरफळचं अपहरण

मांजर माजावर आली, ही काही जगाला ओरडून सांगायची गोष्ट नव्हे, असं लाओ तानचं प्रामाणिक मत होतं. त्याच्या मांजरीचं मत वेगळं होतं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायची, नदीकडे तोंड करायची आणि लेशान गावातल्या झाडून साऱ्या बोक्यांना जाहीर निमंत्रण द्यायची. आवाज असा की पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या फंगबाई जिना चढून वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तान मास्तर, टीव्हीवर कोण मेलं हो?"

मांजरीचं नाव हुआच्याओ, म्हणजे आपल्याकडच्या तिरफळाची बहीणच. अंगावर काळ्यात तांबूस ठिपके, आणि स्वभावही तसाच, जिभेला झिणझिण्या आणणारा. आपण तिला तिरफळच म्हणू. तिची काही हरकत नसावी, कारण कुठल्याही नावाने हाक मारली तरी ती येत नसे.

निदान लाओ तानने मारली तर येत नसे. मांजर मुळात त्याची नव्हतीच. ती त्याच्या बायकोची, सूच्येनची. आणि सूच्येन होती तिकडे लांब शेंझेनला, मुलाकडे. मुलगा आणि सून दोघंही कामावर जाणारी. नात झाली तेव्हा सूच्येन "दोन महिने जाऊन येते" म्हणून गेली. ती नात, तौतौ, रांगायला लागली, चालायला लागली, आता तर आजीशी कडाकडा भांडायलाही लागली, पण ते दोन महिने काही संपले नाहीत. यात कुणाची चूक नव्हती. लेशानमधल्या निम्म्या बायका अशाच कुठल्या कुठल्या शहरांत नातवंडं सांभाळत होत्या, आणि त्यांचे नवरे नदीकाठच्या चहाच्या दुकानांत बांबूच्या खुर्च्यांवर रेलून "कसं मोकळं मोकळं वाटतं, नाही?" असं एकमेकांना पटवून देत होते.

लाओ तानही एकदा शेंझेनला राहायला गेला होता. मुलाचं घर एवढंसं. सासऱ्याची खाट बाल्कनीत, कपडे वाळवायच्या दांडीखाली पडली. तौतौच्या मोज्यांतलं पाणी बरोबर त्याच्या कपाळावर ठिबकायचं. महिन्याच्या आत तो परत आला, आणि येताना कारण दिलं की घरी मांजरीकडे कोण बघणार.

रोज संध्याकाळी सूच्येनचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं. "तिरफळ कुठाय? दाखव." मग लाओ तानने एका हाताने मांजर मांडीवर दाबून धरायची, दुसऱ्या हाताने फोन धरायचा आणि तिकडून येणारं "माझी बाय ती, माझं सोनं ते, जेवलीस का गं?" ऐकत बसायचं. सुरुवातीला त्याला वाटायचं, जेवणाचा प्रश्न आपल्यालाही असेल. एकदा त्याने "हो, नूडल्स केले होते" असं उत्तरही दिलं.

"तुला नाही विचारलं," सूच्येन म्हणाली.

माणसाने असा अपमान गिळावा तरी किती? पण लाओ तान गिळत होता, कारण त्याने मनाशी एक गोष्ट पक्की बांधली होती. सूच्येनला घराची जी काही ओढ उरली आहे ती या मांजरीपायी. मांजर आहे तोवर रोजचा फोन आहे, आणि फोन आहे तोवर ती कधी ना कधी परत येणार. मांजरीला काही झालं, किंवा एखाद्या बोक्याच्या नादाने तीच घर सोडून गेली, तर सूच्येनने यावं असं इथे उरतं काय? एक म्हातारा. तो तर तिने पाहिलेलाच आहे.

आता ही मांजर दिवसचे दिवस खिडकीत बसून गळा काढत होती, आणि तिला कुणाची तरी आठवण येत होती. तो कोण हे तिलाही माहीत नसावं. लाओ तान तिच्याशेजारी स्टूल टाकून बसायचा आणि म्हणायचा, "अगं, आठवण सगळ्यांनाच येते. सगळे ओरडतात का?" तिरफळ त्याच्याकडे एकदा बघायची आणि वरची पट्टी लावायची.

इमारतीने सल्ले द्यायला सुरुवात केली. सल्ल्याला लेशानमध्ये पैसे पडत नाहीत. वरच्या मजल्याने सांगितलं, तिच्या अंगात उष्णता झाली आहे, शेवंतीचा चहा पाजा. लाओ तानने पाजून पाहिला. तो चहा त्याच्याच सदऱ्यावर आला. कुणी म्हणालं, रेडिओ मोठ्याने लावा, म्हणजे ती गप्प बसेल. रेडिओही वाजत राहिला आणि तीही. समोरच्या दारातला लाओ च्यू, जो पूर्वी बस चालवायचा आणि अजूनही जिन्याच्या वळणावर तोंडाने हॉर्न द्यायचा, त्याने तर बोका आणण्याची तयारी दाखवली. फंगबाई वसाहतीच्या समितीवर होत्या, दंडाला लाल पट्टी बांधायच्या आणि इमारतीच्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र टाकायच्या. त्यांनी सूर्योदयाखालीच लिहिलं, "पाचव्या मजल्यावरच्या मांजरीची शस्त्रक्रिया करून घ्यावी ही विनंती. सर्वांना शुभ दिवस."

सूच्येन अजून त्या ग्रुपवर होती. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"करून टाक," ती म्हणाली. "बिचारीला किती त्रास तो. पण म्हाताऱ्या, एक सांगते. तिला कळता कामा नये."

"काय?"

"की आपण केलं. तुला नाटक करावं लागेल."

यात वेडेपणा काही नाही. आजकाल सगळेच करतात. मांजरीला आपण स्वतः दवाखान्यात नेलं, की तिची खात्री पटते की याच माणसाने दगा दिला. मग ती जन्मभर डूख धरते. म्हणून एखाद्या परक्या माणसाला चोर करायचं. त्याने मांजरीच्या देखत तिला पळवून न्यायचं, आणि मालकाने मागून छाती पिटायची, "नका हो नेऊ माझ्या लेकराला!" म्हणजे सगळा राग चोरावर निघतो, आणि संध्याकाळी तिला घरी आणणारा मालक देव ठरतो.

"हे मी करणार नाही," लाओ तान म्हणाला. "माझं वय काय?"

"नाही केलंस तर ती जन्मात तुझं तोंड बघणार नाही."

"आत्ता कुठे बघते?"

"मग फोनवर माझ्यासमोर बसेल का ती? तुझ्या हातात येईल का?"

हा मुद्दा बिनतोड होता. "आणि तू तर नाटकमंडळीतला," सूच्येन म्हणाली, आणि पुन्हा मांजरीशी बोलायला लागली.

लाओ तानने जन्मभर सछ्वानी, म्हणजे तिकडच्या प्रांताच्या, संगीत नाटकाच्या मंडळीत नोकरी केली हे खरं होतं. लोक त्याला मान देऊन "मास्तर" म्हणत ते त्यामुळेच. पण मंडळीत त्याचं काम पडदा ओढायचं होतं. किती राण्या, किती विधवा, किती सैनिकांच्या बायका त्याच्यासमोर हातभर अंतरावर धाय मोकलून रडल्या असतील! त्यांचं रडणं संपलं की त्याने दोरी ओढायची. इमारतीतल्या कुणी हे कधी नेमकं विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

दवाखान्यातली डॉक्टर निंग तरुण होती आणि तिला वेळ नव्हता. "नाटकासकट की नाटकाशिवाय?" तिने मान वर न करता विचारलं.

"सकट," लाओ तान पुटपुटला.

"मग चोर तुमचा आणा, आजोबा. आमच्याकडे एक मुलगा होता, पण आता सगळ्या गल्लीतली मांजरं त्याला ओळखतात. तो दिसला की झाडावर जातात."

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण घोडं पेंड खात होतं ते नोंदणीत. तिरफळला लसी सूच्येनने टोचून आणल्या होत्या, तेव्हा मांजर तिच्या फोन नंबरावर नोंदलेली. नंबर टाकला की ओटीपीचे आकडे शेंझेनला जाणार, आणि सूच्येन त्या वेळी बालवाडीच्या फाटकाशी तौतौचं दप्तर, पाण्याची बाटली आणि तौतौ यांना सांभाळत उभी. तिने आकडे वाचून कळवेपर्यंत ते शिळे व्हायचे. अखेर डॉक्टर निंग म्हणाली, "चेहरा दाखवून होतं का बघू." लाओ तानने टोपी काढून, केस सारखे करून चेहरा दाखवला. पडद्यावर लाल अक्षरं आली: ही व्यक्ती या प्राण्याची मालक नाही. मांजर हे गेली काही वर्षं सांगतच होती. आता यंत्रानेही दुजोरा दिला. शेवटी सूच्येनलाच फोनवर बोलवून तिचा चेहरा दाखवावा लागला. यंत्राने तो पटकन ओळखला. लाओ तानही जरा वेळ बघत राहिला, कारण एरवी फोनवर ती मांजरीकडे बघत असे आणि आज सरळ समोर बघत होती. कपाळाशी बरेच केस पांढरे झाले होते.

चोर म्हणून लाओ च्यू उभा राहिला. अंगाने कपाटाएवढा, आवाज फाटका. चोर शोभला असता. पण तालमीच्या पहिल्याच दिवशी त्याने खुसपट काढलं.

"मी तिला का पळवतोय?"

"शस्त्रक्रियेला."

"ते मला माहीत आहे. पण त्या चोराला माहीत आहे का? त्याच्या मनात काय चाललंय?"

"त्याच्या मनात काही नाही. तो पिशवी उचलतो आणि जातो."

"असा बिनडोक चोर मी करणार नाही," लाओ च्यू म्हणाला. "तू नाटकवाला ना? मग नीट सांग." नाचता येईना अंगण वाकडं, हे लाओ तानच्या ओठावर आलं होतं, पण दुसरा चोर कुठून आणणार? म्हणून त्याने चोराला आजारी आई दिली. लाओ च्यूचं समाधान झालं. तो दोन दिवस जिन्यात उगाच उदास चेहऱ्याने फिरत होता.

पहिला मुहूर्त फंगबाईंनी मोडला. मांजर उपाशीपोटी न्यायची होती. तिरफळ उपाशी म्हणून लाओ तानही उपाशी, कारण तिच्या देखत नूडल्स खायला त्याचं मन होईना. फंगबाई वर आल्या, मांजरीची दशा पाहिली, "जीव आहे हो तो!" म्हणाल्या आणि पदरचे सुके मासे तिच्यापुढे ठेवले. लाओ तान पिशवी शोधून बाहेर येईपर्यंत तिरफळ मिशा पुसत होती. डॉक्टर निंग फोनवर एवढंच म्हणाली, "परवा आणा. आणि त्या बाईंना बांधून ठेवा."

परवा उजाडला. तिरफळला पाठीवर अडकवायच्या पिशवीत घातलं. त्या पिशवीला पारदर्शक गोल खिडकी होती, त्यातून ती सगळं बघत होती. प्रेक्षक बसला होता, आता मागे फिरणं नव्हतं. लाओ तान पिशवी घेऊन अंगणात कापराच्या झाडाखाली आला. रात्री पाऊस होऊन गेला होता. सायकलींच्या शेडमागून काळा रेनकोट, काळा चष्मा आणि मास्क घातलेला लाओ च्यू बाहेर पडला, पिशवीवर झडप घालून फाटकाकडे निघाला, आणि चार पावलांवर थांबून वाट बघू लागला.

मंडळीतल्या साऱ्या राण्या लाओ तानच्या डोक्यातून कुठे पळाल्या कोण जाणे. लाओ च्यू दातांतल्या दातांत म्हणाला, "रड ना!"

"सावकाश जा," लाओ तान म्हणाला. "पायरी ओली आहे."

आणि हे म्हटल्याबरोबर त्याला आठवलं. सूच्येन गेली तेव्हाही पाऊस होऊन गेला होता. ती याच फाटकातून, याच पायऱ्या उतरून गेली होती. तो तिची बॅग उचलून मागे चालत होता, आणि तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता. पायरी ओली आहे. स्टेशनवर तर तेवढंही बोलला नाही. फलाटाचा नंबर बघत राहिला. सासऱ्याने, बापाने, नवऱ्याने असंच वागायचं असतं, अशी त्याची समजूत होती. शिवाय दोनच महिने तर जायची होती.

मग लाओ तान रडला. कसा ते त्यालाही सांगता यायचं नाही. तो धावला, ओल्या फरशीवर गुडघ्यांवर आपटला, रेनकोटचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि सारी इमारत बाहेर येईल अशा आवाजात ओरडला, "नेऊ नका! नका हो नेऊ तिला! घरात कोण आहे मला? कुणाशी बोलू मी? दोन महिने म्हणून नेता, आणि मग परत पाठवत नाही! मला करमत नाही हो, मला करमत नाही!"

लाओ च्यू भूमिका विसरला. "अरे तान, अरे बाबा," तो म्हणाला आणि स्वतःच डोळे पुसू लागला. पण काळा चष्मा असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

दिसलं नाही ते विशेषतः नव्या रखवालदाराला. अशा वसाहतींच्या फाटकाशी चोराला भिंतीला दाबून धरायचा लांब दांड्याचा एक लोखंडी चिमटा ठेवलेला असतो. वर्षानुवर्षं त्यावर फंगबाईंची फडकी वाळत होती. नव्या रखवालदाराने आल्या दिवशी फडकी काढून चिमटा घासूनपुसून ठेवला होता आणि तेव्हापासून तो चोराची वाट बघत होता. एका म्हाताऱ्याला रडवून पळणारा काळा रेनकोट समोर दिसताच त्याने लाओ च्यूची कंबर चिमट्यात धरली आणि त्याला सायकल शेडच्या भिंतीशी नेऊन टेकवलं.

"नाटक आहे! नाटक आहे!" लाओ च्यू ओरडला.

"सगळे असंच म्हणतात," रखवालदार म्हणाला. "आजोबा, हा चोर ना?"

आता इथे लाओ तानची खरी पंचाईत झाली. "नाही" म्हणावं तर पिशवीच्या गोल खिडकीतून तिरफळ टक लावून बघत होती. सगळं केलंसवरलं पाण्यात जाणार. "हो" म्हणावं तर लाओ च्यूशी जन्माचा शेजार. लाओ तान उठला, मांजरीकडे पाठ केली आणि रखवालदाराच्या कानाशी लागून सगळं सांगितलं.

"म्हणजे खोटं?" रखवालदार मोठ्याने म्हणाला.

"हळू! ती ऐकतेय!"

रखवालदाराने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात बायका जमल्या होत्या. यातली नेमकी कुठली ऐकते आहे हे त्याला कळेना. शेवटी फंगबाई पुढे झाल्या आणि त्यांनी चोराला सोडवलं. त्या आधीच पुढे होऊ शकल्या असत्या, पण त्या फोनवर चित्रण करत होत्या आणि ते मध्येच तोडणं त्यांना बरं वाटलं नाही. लाओ च्यू फाटक्या रेनकोटानिशी, पिशवी घेऊन, स्कूटरवर बसून दवाखान्याकडे गेला. जाताना त्याने चोराला शोभेलसं विकट हास्य करण्याचा प्रयत्न केला, पण कंबर दुखत असल्यामुळे ते नीट जमलं नाही.

शस्त्रक्रिया ठीक झाली. डॉक्टर निंगने पद्धतीप्रमाणे बाहेर येऊन ट्रेमध्ये काढलेलं सगळं दाखवलं. "बघून घ्या, आजोबा. पूर्ण काढलंय." लाओ तानने बघून घेतलं आणि खुर्ची नव्हती तिथे बसला. दवाखान्यातल्या लोकांनी त्याला साखरेचं पाणी दिलं. मांजर आधी शुद्धीवर आली.

घरी आल्यावर फंगबाईंनी सूत्रं हाती घेतली. बाईमाणसाची पिशवी काढली आहे, तेव्हा बाळंतिणीसारखंच महिनाभर जपायचं, असा त्यांचा निकाल. वारा लागू द्यायचा नाही, गार पाणी नाही, खिडक्या बंद, आणि रोज गुळाच्या पाण्यात अंडं. गुळाचं अंडं तिरफळने हुंगलं आणि त्यावर माती ओढल्यासारखा पंजा फिरवला. ते लाओ तानला खावं लागलं. तिरफळच्या गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून प्लास्टिकचं मोठं नरसाळं होतं. ती त्यातून सुटायला मागे मागे चालायची, आणि मागे भिंत आली की भिंतीवर रागवायची. तिला भांड्यातलं खाता येईना. मग लाओ तान जमिनीवर पालथा पडून बोटाने तिला माशाचा गर चाटवायचा. औषध तोंडात घालताना तिने त्याचं मनगट ओरबाडलं. तो म्हणाला, "ओरबाड. तुला फसवलंय मी." पण हळू आवाजात म्हणाला.

सगळ्यांत मोठी काळजी म्हणजे ती मुतेना. इमारतीचं चित्त त्या एका गोष्टीकडे लागलं. जिन्यात लोक थांबवून विचारायचे, "झाली का?" अखेर एका दुपारी वाळूच्या ट्रेमध्ये तो इष्ट आवाज आला. लाओ तानने लगेच ग्रुपवर लिहिलं, "झाली!" आणि खाली इमारतभरातून फुलांचे गुच्छ आले.

नाटक मात्र सफल झालं होतं. दाराबाहेर लाओ च्यू नुसता खोकला तरी तिरफळ फुगायची आणि फिसकारायची. "मी तिला किती मासे घातलेत," तो दाराबाहेरून खिन्नपणे म्हणायचा. आणि लाओ तानजवळ ती आपण होऊन आली. तो पालथा पडून होता, आणि तिने नरसाळ्यासकट डोकं त्याच्या काखेत घातलं आणि घरघर करू लागली. गेली कित्येक वर्षं जे हवं होतं ते मिळालं. पण दाखवायला फोन येत नव्हता.

त्या दिवसापासून सूच्येनचा फोन बंद झाला होता. लाओ तानने "मांजर बरी आहे" असं कळवलं. तिकडून "बरं" एवढंच आलं. फंगबाईंचं चित्रण ग्रुपवर पडलं होतं, सूच्येनने ते पाहिलं होतं, आणि तिला मान खाली घालावी लागली असणार, हे त्याने ओळखलं. माणसाने भर अंगणात, परक्या बायकांसमोर, गुडघ्यांवर बसून... छे! संध्याकाळी तो मांजर मांडीवर घेऊन, फोन समोर ठेवून बसायचा. मांजर आता दाबून धरावी लागत नव्हती.

आणि एका दुपारी कुलपात किल्ली फिरली. दारात सूच्येन, हातात तीच बॅग.

"रविवारपर्यंत आहे," ती म्हणाली. "सुनेने सुट्टी काढलीय. कुठाय माझी बाय?"

ती बॅग टाकून खाली बसली, हात पसरले. तिरफळने तिच्याकडे पाहिलं. मग पाठीची कमान केली, फिसकारली आणि मागे मागे सरकत लाओ तानच्या पायांआड जाऊन बसली.

"अगं, मी! मी आहे गं!"

तिरफळ बाहेर आली नाही. लाओ तानने तिला उचलून सूच्येनच्या मांडीवर ठेवलं. ती उडी मारून परत आली. त्याने पुन्हा ठेवलं. माशाचा गर सूच्येनच्या बोटाला लावून पाहिला. मांजर त्याच्याकडेच येत होती, आणि प्रत्येक वेळी त्याचा धीर सुटत होता. संपलं, त्याला वाटत होतं. आता हिला इथे ओढून आणेल असं काही उरलं नाही.

"राहू दे," सूच्येन शेवटी म्हणाली. "विसरली ती. विसरणारच. किती दिवस झाले." ती डोळे पुसत उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांवरून बोलू लागली, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने एकाएकी विचारलं, "मांजर संध्याकाळी परत येणार होती ना?"

"हो."

"मग दोन महिने कुठून आले?"

लाओ तान टेबलावरचा भाताचा दाणा बोटाने ढकलत राहिला.

"म्हाताऱ्या, तुझ्याशी बोलतेय. दोन महिन्यांसाठी कोण गेलं होतं?"

"तू," तो म्हणाला. "मला करमत नाही. तू नसलीस की मला काही सुचत नाही. बस."

"हे फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"फोनवर तू मांजर मागायचीस."

"मग काय मागू?" सूच्येनचा आवाज चढला. "तुला कधी म्हटलं असतं, तुझा चेहरा दाखव, तर दाखवला असतास? मांजरीला धरलेला तुझा हात तरी दिसायचा. तेवढ्यासाठी अर्धा अर्धा तास बाय आणि सोनं करत बसायची मी. गेल्या हिवाळ्यात अंगठ्याचं नख काळं झालं होतं, ते कशाने?"

"दारात सापडलं."

"सांगितलं नाहीस."

"विचारलं नाहीस."

लाओ तानचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी अंगणही नव्हतं आणि प्रेक्षकही नव्हता. तेवढ्यात सूच्येनचा फोन वाजला. पलीकडे तौतौ होती, नाक लाल, गाल ओले. "आजी, घरी ये! आत्ता ये! मला कुणी गोष्ट सांगत नाही!" ती हुंदके देत होती. हे रडणं कुणी शिकवलेलं नव्हतं, हे लाओ तानला आता कळत होतं. सूच्येनने तोंड फिरवलं, तिला बोलवेना. मग त्यानेच फोन घेतला आणि सरळ आपल्या चेहऱ्यासमोर धरला.

"येते हं आजी," तो म्हणाला. "रविवारी निघते. पाठवतो मी."

तौतौ रडायची थांबली आणि निरखून बघू लागली. "आजोबा, तुम्ही पण रडताय?"

"हो."

"तुमची पण आजी गेली?"

"नाही. इथे बसलीय माझ्याजवळ. रविवारी जाईल."

तौतौने थोडा विचार केला. "मग आत्ता कशाला रडताय?" ती म्हणाली. "रविवारी रडा ना."

तो शुक्रवार होता.